अ‍ॅपचं गिऱ्हाईक वाढलं, घर गहाण ठेवू का?

पत्र:

मी गोव्यातल्या मार्दोळची. मराठी प्राथमिक शाळेत तेहतीस वर्षं शिकवून निवृत्त झाले. यजमान चार वर्षांपूर्वी गेले. मुलगी डिचोलीला दिली आहे. मुलगा फर्मागुडीला इंजिनिअरिंग करून बेंगळुरूला नोकरीत होता. तीन वर्षांपूर्वी तो परत आला आणि मित्राबरोबर ताजी मासळी नि भाजी घरपोच देणारं अ‍ॅप सुरू केलं. पणजी-पर्वरीपासून सुरुवात झाली, आता म्हापसा, फोंडा, मडगाव, वास्को सगळीकडे चालतं. सव्वीस हजार लोकांनी नाव नोंदवलंय, महिन्याला सहा हजार ऑर्डरी जातात. पेपरात फोटोसुद्धा आला.

माझ्या प्रॉव्हिडंट फंडातले बारा लाख मी त्याला आधीच दिलेत. आता तो म्हणतो, घरावर चाळीस लाखांचं कर्ज काढूया. वर्षभरात गिऱ्हाईक दुप्पट झालं की गुंतवणूकदार येतील. ‘झोमॅटोसुद्धा वर्षानुवर्षं तोट्यातच होतं ना!’ म्हणतो. एवढी माणसं वापरतात तर पैसे राहत कसे नाहीत, हे मला कळत नाही. विचारलं तर ‘आई, तुला नाही कळणार’ म्हणून उठून जातो. सही करू का? त्याने गुंतवणूकदारांसाठी केलेला कागद सोबत जोडते आहे.

उत्तर:

ताई, सप्रेम नमस्कार.

सही करू नका. पुढचं सगळं वाचून मग ठरवा, पण बँकेचा माणूस या आठवड्यात घरी आला तर त्याला चहा द्या आणि कागद ठेवून घ्या. त्या दिवशी सही नको.

‘तुला नाही कळणार’ हे मात्र मनावर घेऊ नका. एवढी माणसं वापरतात तर पैसे राहत कसे नाहीत, हा तुमचा प्रश्न या धंद्यातला सगळ्यात नेमका प्रश्न आहे. मी तेवीस वर्षं बँकेच्या कर्ज विभागात काम केलं. सुटाबुटातली माणसं जाडजूड अहवाल घेऊन समोर बसायची. इतकं सरळ विचारणारी मला फार थोडी भेटली.

आधी तुमच्या दारातलं उदाहरण घेते. सकाळी भोंगा वाजवत पोदेर, म्हणजे पाववाला, येतो. तोही घरपोच सेवाच देतो, तीही पिढ्यानपिढ्या. त्याचं जमतं कसं? त्याचा वाडा, म्हणजे वस्ती, ठरलेला. एका वळणावर वीस-पंचवीस घरं, घराघरांत मिनिटभराचं अंतर, कुणाला चार पाव नि कुणाला दोन पोळ्या लागतात ते त्याला पाठ. पहिल्या दिवशी फुकट पाव वाटून त्याने गिऱ्हाईक जोडलेलं नाही. शेजारच्या गावात पाव खपतो म्हणून तो तिकडे सायकल हाणत जात नाही. तुमच्या मुलाचा डिलिव्हरीवाला काय करतो पाहा. फोंड्याहून निघून एक किलो बांगडे मार्दोळला, मग उलट फिरून सुंगटं (कोळंबी) बोरीला. वर पत्ता काय, तर ‘तळीकडून उजवीकडे, माडाजवळचं घर’. दोन ऑर्डरींत त्याचा दीड तास जातो.

आता तुम्ही पाठवलेल्या कागदाकडे येते. सव्वीस हजार हा आकडा पहिल्या पानावर मोठ्या अक्षरांत आहे. मला हवे असलेले आकडे शेवटच्या पानावर बारीक टायपात सापडले, पण सापडले. याचं श्रेय मी मुलाला देते, त्याने लपवालपवी केलेली नाही.

सरासरी ऑर्डर ४२० रुपयांची. त्यात खरेदी-विक्रीतला फरक १८ टक्के, म्हणजे हातात ७६ रुपये. आता त्यातून जातं काय? डिलिव्हरीवाल्याचे ५५. बर्फ नि पॅकिंगचे १४. कूपनचे ३८. खराब निघालेल्या, परत आलेल्या मालाचे १३. पैसे जमा करून घेणं, मेसेज पाठवणं यांचे ५. बेरीज १२५. म्हणजे एक ऑर्डर घरी पोचली की ४९ रुपये खिशातून गेले. महिन्याच्या सहा हजार ऑर्डरींवर हे होतात २ लाख ९४ हजार. पणजीतलं ऑफिस, पगार, शीतगृह, सर्व्हर यांचे साडेतीन लाख वेगळे. महिन्याला ६ लाख ४४ हजारांची गळती.

यात चाळीस लाखांचं कर्ज घाला. साडेदहा टक्के व्याज नि दहा वर्षं मुदत धरली तर हप्ता सुमारे ५४ हजार. म्हणजे तुमचं घर गहाण टाकून आलेली रक्कम जेमतेम सहा महिने पुरते. आता मुलाचं म्हणणं खरं होऊन ऑर्डरी दुप्पट झाल्या, असं समजूया. दर ऑर्डरीमागे ४९ रुपये जातच असतील तर बारा हजार ऑर्डरींना पाच लाख अठ्ठ्याऐंशी हजार लागतील. ऑफिस नि पगार वाढले नाहीत, असं धरलं तरी पैसे चारच महिन्यांत संपतात. तो जितका यशस्वी होईल तितक्या लवकर घर जाईल. ताई, हे वाक्य पुन्हा वाचा, आणि त्यालाही वाचून दाखवा. त्याला हे कुणी सांगितलेलं नसावं, असं मला वाटतं.

झोमॅटोचं म्हणाल तर तो सांगतो ते खरं आहे, पण अर्धंच. झोमॅटो २००८ साली निघालं आणि पहिला तिमाही नफा दाखवला तो एप्रिल ते जून २०२३ मध्ये, फक्त २ कोटींचा. मधली पंधरा वर्षं जे हजारो कोटी जळले ते मोठमोठ्या फंडांचे आणि २०२१ नंतर शेअर बाजारातल्या लोकांचे होते. दहा ठिकाणी पैसे लावायचे, आठ बुडाले तरी दोनांत वसूल करायचे, हाच त्या फंडांचा व्यवसाय. तुम्हाला घर एकच आहे. आणि झोमॅटो नफ्यात आलं कसं, हे तो सांगतो का? २०२३ च्या सुरुवातीला ते २२५ लहान शहरांतून चक्क बाहेर पडलं. त्या सगळ्या शहरांचा ऑर्डरींतला वाटा होता ०.३ टक्के. त्याच वर्षी ऑगस्टपासून दर ऑर्डरीवर २ रुपये शुल्क लावायला सुरुवात केली, पुढे ते वाढवत नेलं. एवढ्या मोठ्या कंपनीने जिथे परवडत नाही तिथून पाय काढला आणि गिऱ्हाइकाकडून पैसे मागितले. तुमचा मुलगा सहा शहरांत आहे आणि कूपन वाटतो आहे.

त्याच्या धंद्याच्या जवळचं उदाहरण घरपोच सामान देणाऱ्या डंझो अ‍ॅपचं आहे. बेंगळुरूला होता तेव्हा त्याने स्वतःही ते वापरलं असणार. लोकांना इतकं आवडलं होतं की सामान मागवण्याला तिथे ‘डंझो करणं’ म्हणू लागले होते. जानेवारी २०२२ मध्ये रिलायन्स रिटेलने त्यात २० कोटी डॉलर घातले. पुढच्याच वर्षी कामगारांचे पगार रखडू लागले आणि जानेवारी २०२५ मध्ये अ‍ॅप बंद पडलं. कू नावाचं आपलं देशी समाजमाध्यम निघालं होतं, कोट्यवधी लोकांनी ते उतरवून घेतलं. एका टप्प्यावर रोज २१ लाख माणसं त्यावर होती. जुलै २०२४ मध्ये तेही थांबलं. पेटीएम टिकून आहे, पण तिथेही पाहा. आपण सगळे चहाच्या टपरीवर स्कॅन करतो, पण बँक खात्यातून जाणाऱ्या साध्या यूपीआय व्यवहारावर दुकानदाराकडून शुल्क घ्यायची जानेवारी २०२० पासून मुभाच नाही. गिऱ्हाईक कोट्यवधी आणि सगळ्यात जास्त वापरल्या जाणाऱ्या गोष्टीची कमाई जवळजवळ शून्य. नोव्हेंबर २०२१ मध्ये २,१५० रुपयांना विकलेला शेअर पहिल्याच दिवशी चौथ्या हिश्श्याहून जास्त पडला.

वापरणारं माणूस आणि पैसे मोजणारं माणूस यांत फरक असतो, तो इथे दिसतो. तुमच्या मुलाच्या सव्वीस हजारांतही तो असणार. गोव्याची लोकसंख्या २०११ च्या जनगणनेत साडेचौदा लाखांची होती आणि पर्यटक वर्षाला कोटीच्या घरात येतात. कळंगुटला चार दिवस बंगला घेऊन उतरलेल्या कुणी पहिल्या ऑर्डरीच्या सवलतीत इसवण मागवली, दिल्लीला परत जाऊन अ‍ॅप पुसून टाकलं, तरी सव्वीस हजारांत त्याचं नाव राहतंच. आपल्याकडे नुसत्या नोंदणीचा आकडा फार फसवा असतो. म्हणून त्याला विचारा: कूपन नसताना, महिन्यातून दोनदा तरी ऑर्डर देणारी घरं किती? हजार? दीड हजार? तेवढाच त्याचा धंदा. तो लहान निघाला म्हणून वाईट वाटून घेऊ नका, दीड हजार पक्की घरं म्हणजे पुष्कळ झालं.

आणखी एक गोष्ट, जी बेंगळुरूच्या गुंतवणूकदाराला सुचणार नाही, पण तुम्हाला ठाऊक आहे. १ जून ते ३१ जुलै यांत्रिक होड्यांना समुद्रबंदी. ती उठते न उठते तोच श्रावण. कितीतरी हिंदू घरांत चवथ, म्हणजे गणेश चतुर्थी, होईपर्यंत मासळी शिजत नाही. म्हणजे वर्षातले जवळजवळ तीन महिने त्याचा मुख्य माल एक तर महाग, नाही तर बाहेरून आलेला, नाही तर कुणाला नकोच. बँकेचा हप्ता मात्र दर महिन्याच्या पाच तारखेला येणार. कागदात मी हे शोधलं. बाराही महिने सारख्याच ऑर्डरी धरल्या आहेत. आणि त्याची खरी स्पर्धा कुठल्या मोठ्या कंपनीशी नाहीच. ती आहे डोक्यावर पाटी किंवा स्कूटरला खोका बांधून दारात येणाऱ्या नुस्तेकान्नीशी, म्हणजे मासळीवालीशी. ती उधार देते, साफ करून देते, तुमच्याकडे पाहुणे आलेत हे तिला न सांगता कळतं.

मी हे इतक्या तळमळीने का लिहिते, ते सांगते. २००४ ची गोष्ट. मी ज्या शाखेत होते तिथे किनाऱ्यावरच्या हॉटेलांना दूध पुरवणारा एक कर्जदार होता. उमदा, कष्टाळू माणूस. दोन वर्षांत त्याची उलाढाल तिप्पट झाली. उलाढाल वाढते आहे म्हणून कर्जमर्यादा वाढवावी, अशी शिफारस मीच लिहिली. एका कॅनमागे डिझेल नि बर्फ धरून किती उरतं, हे मी विचारलं नाही. उरत काहीच नव्हतं, उलट जात होतं. घर तारण होतं. ताबा घ्यायला माणसं गेली तेव्हा मी बरोबर होते. त्याच्या बायकोने एकच मागितलं, अंगणातलं तुळशीवृंदावन काढून न्यायची परवानगी. तेव्हापासून मी कुणाचीही उलाढाल आधी विचारत नाही.

तो ताबा कसा घेतला जातो, हेही तुम्हाला माहीत असावं. हप्ता नव्वद दिवस थकला की खातं बुडीतात जमा होतं. मग २००२ च्या कायद्याखाली साठ दिवसांची नोटीस निघते. तेवढ्यात पैसे भरले नाहीत तर दिवाणी दावा न लावता बँक घराचा ताबा घेण्याची कारवाई सुरू करू शकते. म्हणजे पहिला हप्ता थकल्यापासून इथवर यायला पाचच महिने पुरतात.

दुसरं, ते घर तुमच्या एकटीचं आहे का? आपल्या गोव्याच्या दिवाणी कायद्यात, लग्नाआधी वेगळा करार केला नसेल तर, नवरा-बायकोची मालमत्ता समाईक असते. यजमान गेल्यावर अर्धा हिस्सा तुमचा, उरलेला अर्धा मुलांकडे जातो. म्हणजे डिचोलीच्या लेकीचाही त्यात वाटा आहे. तिच्या लग्नालाही हाच कायदा लागू असेल तर जावयांचीही सही लागेल. इन्व्हेंटरी, म्हणजे वारसांत मालमत्तेची कायदेशीर वाटणी, झाली आहे का, हे तुम्ही लिहिलेलं नाही. कागद घेऊन फोंड्यातल्या एखाद्या ओळखीच्या वकिलाकडे जा. आणि लेकीला आजच फोन करा. तिला हे बाहेरून कळलं तर भाऊ-बहिणीत जे होईल ते कर्ज फेडूनही निस्तरणार नाही.

तारणाबद्दल मुलाशी आणखी एक बोला. लहान उद्योगांना तारण न घेता कर्ज द्यावं म्हणून सरकारची हमी योजना २००० सालापासून आहे. बँकेला त्याचा धंदा पटला तर त्या योजनेत ती कर्ज देऊ शकते. त्याने आधी तिथे अर्ज करावा. सगळे आकडे बघून बँक ‘घर ठेवा, तरच देतो’ म्हणाली, तर तिने धंद्याबद्दलचं मत दिलं असं समजा.

आता त्याने करायचं काय? मला हा मुलगा हरलेला वाटत नाही. २०१८ मध्ये मासळीत फॉर्मेलिन हे घातक रसायन असल्याचं प्रकरण उठलं तेव्हा गोव्यात घराघरांत लोकांनी मासे खाणं सोडलं होतं, आठवतं? ताज्या, विश्वासाच्या, साफ करून आलेल्या मासळीला आपला माणूस पैसे मोजेल. नोकरी करणाऱ्या बायकांना तर सकाळी बाजारात जायला वेळ कुठे आहे? पण किती मोजतील, हे त्याने आजवर विचारलेलंच नाही, कारण तो स्वतःच त्यांना पैसे देत आलाय.

त्याच्या कागदात सहा हजारांपैकी ३,४०० ऑर्डरी पणजी नि पर्वरीच्या आहेत. तिथे इमारती दाटीच्या, एका गेटमधून आत शिरलं की चार घरं होतात. बाकीची चार शहरं बंद करावीत. कूपन बंद. पोच करण्याचे २५ रुपये घ्यावेत. सकाळची एक फेरी आणि संध्याकाळची एक, अधल्यामधल्या वेळी नाही. म्हणजे एका फेरीत ऑर्डरी एकत्र जातील आणि डिलिव्हरीवाल्याचा खर्च ५५ वरून ३० वर येऊ शकेल. मग ७६ अधिक २५, एकशे एक रुपये हातात. खर्च ३०, १४, १३ नि ५, म्हणजे ६२. ऑर्डरीमागे ३९ उरतात. चौथा हिस्सा गिऱ्हाईक रुसून गेलं असं धरलं तरी अडीच हजारांवर ऑर्डरी राहतात, महिन्याला जवळजवळ लाख रुपये. त्या लाखात ऑफिस, पगार, शीतगृह सगळं बसवायचं. आज त्याला साडेतीन लाख लागतात. पणजीतलं ऑफिस जाईल, दोघा मित्रांपैकी एकाने पहाटे मालीम जेटीवर उभं राहायचं आणि दुसऱ्याने गोदामात. कदाचित एकाला पुन्हा नोकरी धरावी लागेल. हे कठीण आहे, आणि इतकं करूनही बसेलच अशी खात्री मी देत नाही. पण हे बसतं की नाही, हे बघायला चाळीस लाख लागत नाहीत.

दोन आठवडे लागतात. फक्त पर्वरीत कूपन बंद करून २५ रुपये आकारून बघायचं, बाकी सगळं आहे तसं. किती घरं राहिली ते मोजायचं. मी कितीही आकडे लिहिले तरी त्याला माझ्यापेक्षा पर्वरीतली घरं पटतील.

त्याच्याशी बोलताना ‘तुझा धंदा तोट्यात आहे’ असं सुरू करू नका. त्याला ते रात्री दोन वाजताही आठवत असेल. पेपरात फोटो आलेल्या मुलाला मागे फिरणं किती जड जातं, ते आपण मोठ्यांनी समजून घ्यायला हवं. तुम्ही शिक्षिका आहात. पाटी घेऊन बसा आणि म्हणा, ‘बाबू, मला एका ऑर्डरीचं गणित समजावून सांग. एकाच.’ त्याला लिहू द्या. खाली वजा चिन्ह आलं की तुम्ही गप्प राहा. तो बोलेल.

तो बोलला की त्याला एवढं अवश्य विचारा: मासळीवाल्यांचे, भाजीवाल्यांचे, डिलिव्हरीच्या मुलांचे पैसे थकलेत का? असे धंदे आवळायला लागले की सगळ्यात आधी गरिबाचं देणं लांबणीवर पडतं. थकले असतील तर ते आधी फेडायचे, ऑफिसचं भाडं नंतर. आणि त्याने स्वतःच्या नावे कसलीही वैयक्तिक हमी सही करून दिली आहे का, हेही बघा. कंपनी बुडाली तर कंपनीचं देणं कंपनीपुरतं राहतं. वैयक्तिक हमी दिली असेल तर ते त्याच्या अंगावर येतं.

तुमचे बारा लाख गेलेत असं तूर्त धरून चला. ‘ते वाचवायला’ म्हणून आणखी चाळीस घालू नका, ही चूक मी फार घरांत पाहिली आहे. फक्त ते कर्ज म्हणून दिले की भागभांडवल म्हणून, एवढं त्याच्याकडून एका कागदावर लिहून घ्या. लेकीसाठी ते महत्त्वाचं आहे.

पर्वरीचे दोन आठवडे झाले की मला आकडे पाठवा. मी एकेक ओळ तपासून देईन, त्याला हवं असेल तर बसून बोलेनही. फक्त तो कागद या वेळी त्याने गुंतवणूकदारांसाठी नाही, तुमच्यासाठी लिहिलेला असू दे.